लोइसबाईंचा बर्फाचा चहा

चहा गार झाला तर तो पुन्हा गरम करायचा, नाहीतर मोरीत ओतायचा, एवढंच मी आमच्या घरात शिकले होते. मुद्दाम गार केलेला, बर्फ टाकलेला, सरबतासारखा गोड चहा मी पहिल्यांदा प्यायले ते गेल्या एप्रिलमध्ये, वणीच्या एका लॉजवर. तो मला फार आवडला. पण तो पितानाच मला कळलं की गेले दोन दिवस मी एका म्हाताऱ्या बाईवर केवढा अन्याय करत होते. म्हणून त्या चहाबद्दल लिहायचं तर त्या प्रवासाबद्दलच लिहावं लागेल.

यवतमाळ जिल्हा पाहायला सहसा कोणी येत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो वर्तमानपत्रात वाचला असेल, आणि वाचून पान उलटलं असेल. एप्रिलमध्ये तर इथे पाहण्यासारखं काहीच नसतं. शेतं उघडी पडलेली, उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, ढीग बांधावर वाळत पडलेले, आणि सकाळी नऊपासून रस्त्यावर हलणारी उन्हाची झळ. अशा दिवसांत लोइसबाई अमेरिकेहून आल्या, कारण त्यांची मुलगी हॅना दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्येच गेली.

यवतमाळ

लोइसबाई अलाबामाच्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं हे राज्य, तिथेही कापूस पिकतो. त्यांच्या आजीने दुसऱ्यांच्या शेतात आयुष्यभर कापूस वेचला होता, आणि म्हणूनच हॅना कापूस वेचणाऱ्या बायांच्या हातांचा आणि पाठीचा अभ्यास करायला सहा वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात आली होती. अमेरिकेची बाई म्हटल्यावर गोरी येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. आली ती आमच्याहून सावळी. माझी आई म्हणाली होती, "ही त आपल्यातलीच दिसते व."

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. तिच्यासोबत दुभाषी म्हणून गावोगाव फिरले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आज यवतमाळच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला नोकरी आहे. त्यात माझ्या शाळेतल्या मास्तरांचा वाटा आहे, आईचा आहे आणि हॅनाचा आहे. आमच्या घरी असताना रोज संध्याकाळी ती माझ्याकडून इंग्रजी वाचून घ्यायची, चुकलं की हसायची नाही. ती आजारी पडून गेली हे मला एका ओळीच्या ई-मेलने कळलं. त्यानंतर लोइसबाईंशी माझं पत्रव्यवहारासारखं काहीतरी सुरू झालं आणि एक दिवस त्यांनी कळवलं की मी येते आहे.

सत्तरीच्या, उंच, गुडघ्याने अधू बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. हातात काठी, आणि एक पत्र्याचा डबा, जो त्या कोणाच्याही हातात देत नव्हत्या. यवतमाळच्या लॉजच्या खोलीत बसल्या बसल्याच त्यांनी मला विचारायचं ते विचारलं.

"हॅना वर्षभरासाठी आली होती. आठ महिन्यांतच परत आली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमचं त्या दिवसांत नीट नव्हतं, ती मला न पटता इकडे आली होती. इथल्या लोकांना ती नकोशी झाली होती का? मला तेवढंच बघायचंय."

"नाही हो, कधीच नाही," मी म्हणाले. "तिचं काम संपलं म्हणून ती गेली."

त्यांनी मान हलवली. सभ्य माणसाने सभ्य उत्तर दिलं की आपण जशी हलवतो तशी.

हॅना तीन घरांत राहिली होती, त्यातलं पहिलं आमचंच. त्या तिन्ही घरी आम्ही जाणार होतो. आणि इथे मी माझी चूक केली. चूक करतेय असं मला जराही वाटलं नाही, उलट आपण किती समजून वागतोय असंच वाटत होतं.

आमच्या घरी एक नेम आहे. ज्याचं माणूस गेलं तो पहिल्यांदा भेटला की त्याला कोरा, बिनसाखरेचा चहा द्यायचा. त्याच्यासमोर हसायचं नाही, गेलेल्या माणसाच्या गमती काढायच्या नाहीत. त्याचं दुःख आधी त्याच्यासोबत गिळायचं, मग तोंड गोड करायचं. हॅनाला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण आमच्या लोकांची आणि तिच्या आईची ही पहिलीच भेट. म्हणजे दुखवट्याचीच भेट. मी तिन्ही घरी तसा निरोप धाडला.

आईला सांगावंच लागलं नाही. राजूरच्या कांताबाई मात्र फोनवर म्हणाल्या, "आमच्यात नसते पोरी हे तेरवी-बिरवी. आमी पुण्यानुमोदन करतो, खीर बी करतो. मानूस गेलं म्हनून साखरेनं काय केलं?"

"ती आई आहे कांताबाई. पहिल्यांदा येऊन राह्यली."

"बरं बापा. तू शिकलेली. ठेवतो कडू."

बाभुळगावच्या पुढे

आमचं गाव बाभुळगावहून आत आठ किलोमीटर. गाडी शकीलभाईंची. त्यांनी हॅनालाही फिरवलं होतं. वाटेत ते आरशातून लोइसबाईंकडे पाहत होते. "शकल बिलकुल वही है," ते हळूच म्हणाले. मी त्याचं भाषांतर केलं नाही. दुःख वाढेल असं वाटलं.

आईने ओसरी सारवून ठेवली होती. शेजारच्या दहाबारा बाया चटईवर डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. आईने लोइसबाईंचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ धरून ठेवले. मग चहा आला. काळा, साखरेशिवाय, पितळी कपबशीत. लोइसबाईंनी पहिला घोट घेतला आणि कपात पाहत थांबल्या. मग सगळा प्यायल्या.

कोणी बोलेना. वर पत्रा तापून कट्कट् वाजत होता. शेवटी शेजारच्या वच्छलाकाकूला राहवलं नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, ती पुढे सरकली. "हना एकडाव बैलबंडीतून पडली ना व, अन् वरून बैलालेच सॉरी—"

आईने तिच्याकडे पाहिलं. काकू गप्प झाली, पदराने तोंड पुसून मागे सरकली.

लोइसबाईंनी ते पाहिलं. एक बाई त्यांच्या मुलीचं नाव घेऊन हसत बोलायला लागली आणि घरच्या मालकिणीने तिला डोळ्यांनी गप्प केलं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "त्या काय म्हणत होत्या?"

"काही नाही," मी म्हणाले. "तिची आठवण काढत होत्या."

जेवायला ज्वारीची भाकर, पातळ वरण, मीठ. एरवी पाहुणा आला की आई पुरण घातल्याशिवाय सोडत नाही. निघताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "नीट झालं ना वैशे?"

"नीट झालं," मी म्हणाले.

गाडीत बसल्यावर शकीलभाई म्हणाले, "दीदी, एक बोलू? मेहमानले कोणी कडू चहा देते का?"

"तुम्हाला नाही कळणार शकीलभाई."

"हाव बाप्पा. आम्ही धाव्वी नापास."

राजूर

दुसऱ्या दिवशी राजूर. वणीच्या अलीकडे रस्त्याचा रंग बदलतो. कोळशाच्या ट्रकांनी कडुनिंबाची पानं काळी केलेली, तारेवर वाळत घातलेल्या धोतरांनाही करडी छटा. लोइसबाई खिडकीतून पाहत म्हणाल्या, "हॅनाने मला लिहिलं होतं की इथे पांढरं काही पांढरं राहत नाही."

कांताबाईंचे यजमान खाणीतून निवृत्त झालेले. त्या स्वतः हंगामात टेम्पोने आसपासच्या शेतांत कापूस वेचायला जातात. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती. हॅना इथे अडीच महिने राहिली होती.

कांताबाई बोलक्या. जिल्ह्यातल्या एवढ्या बायांशी मी बोलले, पण त्यांच्यासारखी जीभ कोणाची नाही. त्या दिवशी मात्र त्या दारातच "या" म्हणाल्या आणि पुढे काही नाही. स्टोव्हवर पाणी उकळलं, पत्ती पडली. मी पाहत होते. सवयीने त्यांचा हात फळीवरच्या साखरेच्या डब्याकडे गेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

ते लोइसबाईंनीही पाहिलं.

दहा मिनिटांत चहा झाला. वीस मिनिटांत आम्ही बाहेर होतो. कांताबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या, तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. गाडी वळेपर्यंत तशाच उभ्या दिसल्या.

त्यांना काय सांगायचं होतं ते मला महिन्याभराने, मी एकटी राजूरला गेले तेव्हा कळलं. हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांना ताप भरला होता. तर हॅनाने दोन दिवस त्यांची ओळ वेचली, बोंडांनी बोटं रक्ताळली तरी. "मी तिले माही चवथी पोरगी म्हनत होतो," त्या म्हणाल्या. "तिच्या मायले सांगाचं होतं मले. तू माह्यं तोंड बांधलं वैशाली." मी ते सगळं लिहून अलाबामाला पाठवलं. पण कागद तो कागद. कांताबाई माझ्याशी अजून पूर्वीसारखं बोलत नाहीत.

वणी

दुपारी साडेतीनला लॉजवर पोहोचलो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तरी असेल. पंखा गरम वारा फिरवत होता. लोइसबाई खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "इथे बर्फ मिळेल का?"

कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी होती. शकीलभाईंनी तिथून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली, लॉजच्या नळाखाली धुतली आणि फोडली. लोइसबाईंनी तो पत्र्याचा डबा उघडला. आत चहाच्या मोठ्या मोठ्या पुड्या होत्या, आपल्या टी-बॅगच्या चौपट.

लॉजच्या स्वयंपाकघरात त्या काठी भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या आणि एकदम दुसऱ्याच बाई झाल्या. पाणी उकळलं. गॅस बंद करून त्यात पुड्या सोडल्या आणि वर झाकण ठेवलं. चिमूटभर खाण्याचा सोडा मागितला.

"सोडा कायले?" तिथला स्वयंपाकी हादरला. "भजे करता का बाई?"

सोड्याने चहाचा तुरटपणा मरतो आणि गार झाल्यावर तो गढूळ होत नाही, त्यांनी सांगितलं. पंधरा मिनिटांनी पुड्या काढल्या, पिळल्या मात्र नाहीत. मग गरम असतानाच साखर. मी समजले दोन-चार चमचे. त्यांनी वाटीमागून वाटी ओतली. स्वयंपाकी म्हणाला, "हा त पाक झाला." मग वरून गार पाणी, मग बर्फ, मग लिंबाची चकती. साखर गरमातच विरघळली पाहिजे, त्या म्हणाल्या. गार चहात मागून टाकलेली साखर तळाशी बसते, ती कितीही ढवळली तरी चहाची होत नाही.

मी स्टीलचा पेला तोंडाला लावला तेव्हा मनातून औषध प्यायचीच तयारी केली होती. आधी दातांना गार लागलं, मग गोड. उसाच्या रसासारखं घशाला चिकटणारं गोड नाही. मागून चहा येतो, नीट ओळखू येणारा चहा, आणि गोडाला मध्येच थांबवतो. पहिला पेला मी उभ्याउभ्याच संपवला. दुसरा बसून प्यायले. सकाळपासून अंगात साठलेलं ऊन पाठीतून उतरत गेलं. शकीलभाईंनी तीन पेले घेतले. "मॅडम, ये धंदा करो वणी में," ते म्हणाले, "रसवाल्याले सुट्टी."

त्या दोन दिवसांत लोइसबाई पहिल्यांदा हसल्या. आमच्याकडे नुसता चहा म्हटलं की हाच, म्हणाल्या. गरम हवा असेल तर तसं सांगावं लागतं, आणि सांगणारा बाहेरगावचा आहे हे लगेच कळतं. हॉटेलात पेला रिकामा झाला की न विचारता भरतात. लग्नाला हाच, चर्चच्या जेवणाला हाच. "आणि कोणाच्या घरी माणूस गेलं की शेजारणी आधी हा घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "मोठाले काचेचे जग भरून. त्या घरी कोणाला स्वयंपाक सुचत नाही, पण हा प्यायला जातो. जितकं दुःख मोठं तितकी साखर जास्त, असं माझी आजी म्हणायची."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. हॅनाचं पत्र होतं, इथून लिहिलेलं. त्यातली एक ओळ त्यांनी बोटाने दाखवली. 'आई, इथे प्रत्येक घरात चहा तुझ्या चहाइतकाच गोड असतो. साखर कमी टाका म्हटलं तर बाया रागावतात.'

"मी हा डबा त्या घरांसाठी आणला होता," लोइसबाई म्हणाल्या. "पण पहिल्या घरी मला कडू चहा मिळाला. वाटलं, साखर संपली असेल. आज त्या बाईचा हात डब्यापर्यंत गेला आणि मागे आला. मी पाहिलं." त्यांनी कागदाची घडी घातली. "बरोबर आहे. काही झालं असेल. उगीच कोणी चार महिने आधी निघून येत नाही."

मी सगळं सांगितलं. आमच्या घरचा नेम, फोन, गप्प बसण्याची ताकीद, बैलाला सॉरी म्हणण्याची गोष्टसुद्धा. बोलताना माझं इंग्रजी अडखळत होतं, हॅना असताना अडखळायचं तसं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"तू फार चांगली मुलगी आहेस," त्या म्हणाल्या. "तिने लिहिलं होतं तशीच."

त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांना वाटलं, मी हे आत्ता त्यांच्यासाठी रचलं. मी खरं तेच सांगत होते, आणि कालपासून इतकं गाळून भाषांतर केलं होतं की माझ्या खऱ्यालाही वजन उरलं नव्हतं. मला ते समजलं, आणि त्यावर करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

झरीकडचं पोड

तिसऱ्या घराचा निरोप फिरवावा म्हटलं तर तिथल्या अंगणवाडीच्या ताईंचा फोन लागेना. झरीच्या बाजूला कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात. त्या पोडाला टॉवर नाही, पहिला निरोपही मी त्या ताईंकडूनच पोहोचवला होता. सकाळी लोइसबाईंनी पुन्हा चहा केला. "आणलाय तर देऊन जाऊ," एवढंच म्हणाल्या. मोठा दुधाचा कॅन भरला, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घेतला आणि आम्ही निघालो.

मुकुटबन सोडल्यावर रस्ता मातीचा होतो. सागाची पानं गळून गेलेली, जंगलातून आरपार दिसत होतं. मोहाची फुलं वेचून झाली होती आणि झाडांखाली जाळलेल्या पाल्याचे काळे गोल तेवढे राहिले होते. माणूस भेटला नाही. शकीलभाईंनीही गाणं लावलं नाही.

पोडात पंचवीसेक घरं. भीमाबाई अंगणात बांबू चिरत बसल्या होत्या, टोपल्यांसाठी. हॅना शेवटचे तीन महिने, ऐन कापसाच्या दिवसांत, त्यांच्याकडे राहिली होती, तेव्हा मी अधूनमधूनच यायचे. सगळं माझ्या निरोपाप्रमाणे तयार होतं. सातआठ बाया गप्प बसलेल्या, काळा चहा, साखर नाही. लोइसबाईंनी तो घेतला, संपवला, आभार मानले. मग त्यांनी कॅनचं झाकण उघडलं आणि खोक्यातला बर्फ आत टाकला.

बायांनी वाकून आत पाहिलं.

"हे काय व?" भीमाबाईंनी मला विचारलं.

"चहा आहे. त्यांच्या घरचा."

"बर्फ तरंगून राह्यला त्यात."

"थंडच पितात तो."

"थंडा चहा त कुत्रं बी सुंगत नाही," एक म्हातारी म्हणाली. दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला.

भीमाबाईंनी बोट बुडवून चाटलं. "हा त गोड हाय. लय गोड." मग माझ्याकडे वळल्या. "मंग तू काहून सांगितलं का साखर टाकू नका म्हनून?"

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी उभी होते, बसायचंही सुचलं नाही. "आमच्या घरचा नेम होता," मी म्हणाले. "मले वाटलं तसंच करावं लागते. चुकलं माह्यं. आता त्यांना वाटते का हॅना तुम्हाला नको होती. म्हणून ती लवकर निघून गेली. त्या तेच विचारायला आल्या इतक्या दूर."

"लय शिकली तू," भीमाबाई म्हणाल्या. त्यांनी कोयता बाजूला ठेवला, हात लुगड्याला पुसले. कॅनमधून एक पेला भरला आणि कोणी काही म्हणायच्या आत लोइसबाईंच्या ओठाला लावला. "पयले तू घे."

लोइसबाईंनी घोट घेतला.

"आता हिले सांग, मी जे म्हनतो ते. आपलं टाकू नको त्यात."

"हो."

"नकोशी नव्हती व कोनाले. पन एकटी? होती. खोटं कायले बोलू. दिवसभर आमच्यात राहे, हासे, आमची बोली शिके. दिवस बुडला का त्या बोअरिंगच्या दगडावर जाऊन बसे अन् रडे."

 कालपर्यंतची मी असते तर म्हणाले असते, भीमाबाई म्हणतात ती इथे खूप आनंदात होती. लोइसबाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. मी सांगितलं. ती एकटी होती. रोज संध्याकाळी रडायची. त्या हातपंपाजवळच्या दगडावर.



"मी जवळ जाऊन बसो," भीमाबाई पुढे म्हणाल्या. "इचारलं नाही. कोनाच्या रडन्यात हात घालू नये. एक दिवस आपल्यानंच म्हने, मी माह्या मायशी भांडून आलो. मी म्हटलं, मंग जाय ना. म्हने, काम अर्ध हाय. मी म्हटलं, काम काय कुठं जाते? मायचं वय होते. चार दिवस काही बोलली नाही. मंग म्हने, एवढा कापूस होऊ द्या, मी जातो. अन् कापूस झाला, अन् गेली."

मी एकेक वाक्य सांगत गेले. हॅनाने म्हटलेलं तसंच, भीमाबाईंनी म्हटलेलं तसंच. अर्धं काम टाकून ती कोणासाठी गेली, हे मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

 लोइसबाई बोलल्या, इतक्या हळू की मला वाकावं लागलं.

भीमाबाईंनी विचारलं, "काय म्हनते?"

सांगावं की नाही, असा प्रश्न आता उरला नव्हता. "म्हणतात, ती परत आली तेव्हा मी दार उघडलं, अन् पहिलं वाक्य काय बोललो? म्हटलं, 'एवढ्यात आलीस?' तिने बॅग आत ठेवली अन् काहीच बोलली नाही. मग त्याबद्दल कधीच नाही बोलली."

बाया गप्प होत्या. आता कोणी सांगितलं म्हणून नाही.

भीमाबाईंनी पेले ओढले आणि कॅन तिरपा करून एकेक भरायला लागल्या. "माय तशीच म्हनते व," त्या म्हणाल्या. "माह्या दोघी पोरी घाटंजीकडे दिल्या. येतात त मी बी तेच म्हनतो, एवढ्यात काहून आली? म्हनाचं असते, बरं झालं आली. तोंडातून निंगत नाही."

मी ते सांगितलं. 

लोइसबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत प्यायल्या. म्हातारीने गार दातांना लागून "आयव" केलं आणि तरी दुसरा मागितला. उन्हं पत्र्यावर आली होती. शकीलभाईंनी गाडी सावलीत घेतली आणि लांबूनच हाताने विचारलं, निघायचं का? लोइसबाईंनी माझ्यामार्फत निरोप दिला की आज नाही, उद्या संध्याकाळी या. मग त्यांनी भीमाबाईंना विचारलं, बोअरिंग कुठे आहे. भीमाबाई उठल्या, त्यांना हात दिला, आणि दोघी हळूहळू तिकडे चालत गेल्या. मी मागे निघाले होते. भीमाबाईंनी न वळताच हाताने मला बस म्हणून सांगितलं.